दाराआडची विद्यार्थिनी

गेल्या मासीं आलेल्या पत्रांत एक पत्र निराळें होतें. पाठविणारी भगिनी रत्नागिरीकडील एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील मधली सून आहे. घरांत लहान मुलें पांच. त्यांपैकीं चौघांना गाणें शिकविण्यासाठीं आठवड्यांतून दोन दिवस एक गायनमास्तर येतात. पांचवी मुलगी ही या भगिनीच्या थोरल्या दिरांची धाकटी कन्या. वय वर्षें नऊ. तिला जन्मतः 'डाऊन सिंड्रोम' या नांवानें ओळखली जाणारी अवस्था आहे. मास्तर आले कीं तिला स्वयंपाकघरांत आजीजवळ नेऊन बसवितात. हेतु हा कीं, इतर मुलांच्या शिकण्यांत व्यत्यय नको. परंतु ती तेथें राहत नाहीं. ओटीच्या दाराआड येऊन उभी राहते आणि मास्तर मांडीवर जो ठेका धरतात, तोच ठेका दाराच्या चौकटीवर बोटांनीं धरते. तिला आंत बसवावें काय, असा या भगिनीचा प्रश्न आहे. मास्तर म्हणतात, "तिला काय येणार? हवें तर ऐकूं द्या." मामंजी म्हणतात, "चार लोकांत हसें होईल." जाऊबाई कांहींच म्हणत नाहींत, विषय निघाला कीं त्या उठून आंत जातात.

या शेवटच्या वाक्यासाठीं आम्हीं तें पत्र पुन्हां वाचलें. उत्तर त्याच आठवड्यांत द्यावयास हवें होतें. तें लांबलें याचें कारण असें कीं, या प्रश्नांत आमचें स्वतःचें एक जुनें देणें गुंतलेलें आहे, आणि तें झांकून ठेवून दुसऱ्यास उपदेश करणें आम्हांस बरें वाटेना. शिवाय आम्ही गवई नव्हे. स्वरांचें आमचें ज्ञान शिक्षाग्रंथांतून आलेलें, कंठांतून नव्हे. वाचकांनीं पुढील मजकूर ही जाणीव ठेवूनच वाचावा.

आम्ही शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. आंतरशालेय पाठांतर-स्पर्धेसाठीं दरवर्षीं आठ-दहा मुलांचा एक वर्ग शाळा सुटल्यावर आम्ही घेत असूं. एके वर्षीं त्या वर्गांत एक मुलगा आला. जन्माच्या वेळीं मेंदूस इजा पोंचल्यामुळें त्याच्या स्नायूंवर त्याचा पुरता ताबा नव्हता. ज्याला डॉक्टर 'सेरेब्रल पाल्सी' म्हणतात तो विकार. बोलूं लागला कीं त्याची मान एका बाजूस झुके आणि हाले. शब्द सावकाश येत, परंतु ऱ्हस्वदीर्घाची चूक आम्हीं त्याच्या तोंडीं एकदांहि ऐकिली नाहीं. एके दिवशीं पठणाचे गुणदोष समजावून देतांना आम्हीं पाणिनीय शिक्षेंतील अधम पाठकांची यादी फळ्यावर लिहिली. त्या यादींत मान हालविणारा आहे, क्षीण कंठाचा आहे. (गाऊन म्हणणाराहि आहे, आणि आमच्या स्पर्धांतून ढाल बहुधा त्यालाच मिळते, पण तो विषय निराळा.) 'शिरःकंपी' हा शब्द आम्हीं उच्चारतांच पुढच्या बाकांवरील मुलांनीं मागें वळून पाहिलें.

आम्हीं काय केलें? कांहींच नाहीं. खडूनें पुढचा शब्द लिहिला. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा आला नाहीं. आठवड्यानें त्याची आई शाळेंत आली. मुलगा कारण सांगत नाहीं, आपण विचारून पाहतां का, असें ती म्हणाली. आम्हीं उत्तर दिलें, "त्याला श्रम होतात, राहूं द्या." हें खरें नव्हतें. त्याच्यासाठीं थांबण्याचे श्रम आम्हांस होत होते, आणि ढाल मिळावी ही इच्छा होती. त्या वर्षीं ढाल मिळाली. आम्ही निवृत्त होईपर्यंत ती मुख्याध्यापकांच्या खोलींतील कांचेच्या कपाटांत दिसत असे.

यांत शिक्षाकारांस दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांचा रोख वाईट संवयीवर, व्याधीवर नव्हे, एवढें तरी आम्हांस त्या वेळीं वर्गांत सांगतां आलें असतें. आणि त्याच शिक्षावाङ्मयांत दुसरी एक वस्तु आहे, जी आम्हीं अनेक वर्षें केवळ माहिती म्हणून शिकविली व जिचा उपयोग फार उशिरां ध्यानीं आला. नारदीय शिक्षेंत दोन वीणा सांगितल्या आहेत. एक लांकडाची, दुसरी गात्रांची. सामगायक अंगठ्यानें बोटांच्या पेरांस स्पर्श करीत स्वर म्हणतो. प्रत्येक स्वरास हातावर एक ठरलेलें स्थान आहे. म्हणजे स्वर कानानें ऐकावा, कंठानें म्हणावा, डोळ्यांनीं पहावा आणि बोटानें शिवावा अशीं चार दारें त्या लोकांनीं उघडीं ठेविलीं होतीं. एक दार बंद असलें तर दुसऱ्यानें आंत येतां यावें हा त्यांचा हेतु होता असें आम्ही म्हणत नाहीं. पाठ अचूक रहावा एवढाच हेतु असेल. परंतु उपयोग तोहि होतो.

विलायतेंत एकोणिसाव्या शतकांत जॉन कर्वेन नांवाच्या एका धर्मोपदेशकानें तिकडील सप्तकांतील प्रत्येक स्वरासाठीं हाताची एकेक मुद्रा ठरविली. पुढें हंगेरींतील संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या शिक्षणपद्धतींत ती आली, आणि ज्या मुलांना विशेष साहाय्य लागतें त्यांच्या शाळांतूनहि ती आज वापरली जाते. कारण उघड आहे. स्वर दिसत नाहीं. न दिसणारी वस्तु ध्यानांत ठेवणें ज्या मुलास जड जातें, त्याला हात वर गेला म्हणजे स्वर वर गेला हें पाहतां येतें आणि करतांहि येतें. आमच्या सामगायकांची व कर्वेनची कधीं गांठ पडली नसेल. पण शिकविणाऱ्याची अडचण दोन्हीकडे एकच, म्हणून उपायहि एकमेकांच्या शेजारीं येऊन बसले.

आपल्या समाजानें या बाबतींत एका वर्गावर मात्र पूर्वींपासून कृपा केली आहे, आणि तीहि पुरतें न पाहतां. अंध मूल दिसलें कीं त्याच्यापुढें पेटी ठेवावयाची, ही आपली जुनी रीत. ती सर्वस्वीं वाईट नाहीं. विष्णु दिगंबर पलुसकरांची हकीकत पुष्कळांस ठाऊक असेल. १८७२ सालीं कुरुंदवाडास जन्म. बालपणीं फटाक्याच्या अपघातानें डोळे अधू झाले. शाळेचा अभ्यास पुढें चालेना, म्हणून मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणें शिकावयास गेले. आणि ५ मे १९०१ रोजीं लाहोरास त्यांनीं गांधर्व महाविद्यालय स्थापन केलें. घराण्याच्या बंद दारांतली विद्या फी भरून कोणासहि शिकतां यावी अशी जी सोय आज आपणांस सहज वाटते, ती करण्यांत ज्यांचा वाटा फार मोठा, त्यांना स्वतःला छापील पुस्तक वाचणें कठीण होतें हें आम्ही मुद्दाम लक्षांत आणून देतों.

तथापि अंधत्वाचें आणि गोड गळ्याचें कांहीं नातें नाहीं. अंध मुलांत बेसूर असतात, गाण्याचा कंटाळा असलेलीं असतात, गणितांत रमणारीं असतात. त्यांना पेटीस जुंपणें ही दया नव्हे. आणि ज्यांना खरोखर शिकावयाचें आहे त्यांच्या बाबतींत बदल करावयाचा असतो तो शिक्षकानें स्वतःच्या बोलण्यांत. "असें बोट ठेव," "इकडे बघ," हीं वाक्यें तेथें निरुपयोगी. तबल्यावर पंजा कसा पडतो हें दाखवावयाचें तर शिष्याचा हात आपल्या हातावर ठेवून घ्यावा लागतो. लुई ब्रेल स्वतः पॅरिसमधील चर्चमध्यें ऑर्गन वाजवीत असे. १८२९ सालीं त्यानें आपली टिंबांची लिपी प्रसिद्ध केली तेव्हां तींत अक्षरांबरोबर संगीत लिहिण्याचीहि सोय होती. भारतीय भाषांसाठीं 'भारती ब्रेल' १९५१ सालीं ठरली. तींत गैरसोय एकच कीं, ज्या बोटांनीं वाचावयाचें त्याच बोटांनीं वाजवावयाचें, म्हणून आधीं वाचून पाठ करणें भाग. आपल्याकडे गाणें मुळांतच मुखोद्गत करून घेण्याची परंपरा असल्यामुळें ही गैरसोय पुष्कळ हलकी होते.

बहिऱ्या मुलास मात्र कोणी पेटी देत नाहीं. त्याला संगीत कशाला, असें विचारणाऱ्यास आपण शहाणा समजतों. स्कॉटलंडमध्यें १९६५ सालीं जन्मलेल्या एव्हलिन ग्लेनी या बाईंचें नांव येथें घेतलें पाहिजे. आठव्या वर्षापासून त्यांचें ऐकणें कमी होऊं लागलें आणि बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ गेलेंच. त्यांच्या शाळेंतील तालवाद्यांच्या शिक्षकानें त्यांना घालविलें नाहीं. मोठे नगारे वाजवितांना तो त्यांना खोलीच्या भिंतीवर हात ठेवावयास सांगे आणि कोणता स्वर शरीरांत कोठें जाणवतो तें विचारी. खालचे स्वर पायांत, वरचे चेहऱ्याजवळ व मानेजवळ, असें हळूहळू त्यांना कळूं लागलें. १९८२ सालीं लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्यें त्या शिकावयास गेल्या. प्रवेश आधीं नाकारला होता, त्यांनीं पुन्हां परीक्षा घ्यावयास लावली. पुढें त्या जगभर एकट्यानें तालवाद्यांच्या मैफली करूं लागल्या, व जमिनीचा कंप पायांना कळावा म्हणून अनवाणी उभ्या राहून वाजवीत. भिंतीवर हात ठेवावयास सांगणारा तो शिक्षक आम्हांस शिक्षाग्रंथांच्या कर्त्यांचा सगोत्र वाटतो.

आपल्या घरांत भिंतीपेक्षां चांगलें साधन आहे. जुळलेल्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर मुलाचा तळहात ठेवावा. खर्जाची तार छेडली कीं काय होतें तें पहावें. हल्लीं शस्त्रक्रियेनें कानाच्या आंत 'कॉक्लियर इम्प्लांट' नांवाचें यंत्र बसवितात. त्यानें बोलणें पुष्कळ कळूं लागतें; परंतु संगीताच्या दृष्टीनें त्याची एक मर्यादा पालकांनीं जाणावी. लय त्यांतून चांगली कळते, स्वराचा उंचसखलपणा नीट कळत नाहीं. अशा मुलाला पहिल्या दिवशीं सरगम म्हणावयास लावून "याला सूर नाहीं" असा शेरा मारणें म्हणजे पाय बांधून शर्यतींत उतरविणें होय. त्याला तालापासून आरंभ करून द्यावा.

आतां आमच्या पाहण्यांतील एक तास सांगतों. दोन वर्षांपूर्वीं एक स्नेही आम्हांस एका शहरांतील विशेष शाळेंत घेऊन गेले. मुलें सात, निरनिराळ्या अवस्थांचीं. शिक्षक एकच, वय तिशीच्या आंत. साथीला तबला वाजविणारे एक वृद्ध गृहस्थ. जमिनीवर वर्तुळांत सोळा जागा आंखलेल्या होत्या. त्यांपैकीं चौदा जागांवर गोणपाटाचे तुकडे. पहिल्या जागीं जुन्या लाल गालिचाचा तुकडा. आणि नवव्या जागीं कांहींच नाहीं, उघडी थंडगार फरशी. तबल्यावर अगदीं सावकाश त्रिताल सुरू झाला आणि मुलें अनवाणी, एका मात्रेला एक पाऊल, अशीं त्या वर्तुळावरून चालूं लागलीं. पांचव्या व तेराव्या जागेवर टाळी. नवव्यावर हात बाहेर उघडावयाचा. लाल तुकड्यावर पाऊल पडलें कीं सम.

वाचकहो, 'खाली' म्हणजे काय हें आम्हीं पुस्तकांतून वाचलें होतें, मैफलींत बसून मोजलेंहि होतें. पण गोणपाटाची ऊब सोडून पाय एकदम थंड फरशीवर यावा आणि तेथेंच तबल्याचा घुमारा नाहींसा व्हावा, असा तिचा अनुभव आम्हांस वयाच्या साठीनंतर त्या मुलांच्या मागून चालतांना आला. आवर्तन म्हणजे काय हेंहि तेथें कोणी सांगत नव्हतें. चालत राहिलें कीं लाल तुकडा पुन्हां येतो, एवढें पुरे होतें. एक मुलगा प्रत्येक खेपेस फरशीवर आला कीं मोठ्यानें हसे. एक मुलगी चाकांच्या खुर्चीत होती. तिची खुर्ची वर्तुळाच्या मध्यें, हातांत डफ, आणि समेची थाप तिची. तिचा हात उचलावयास वेळ लागे, म्हणून ती तेराव्या मात्रेपासूनच हात उचलण्यास आरंभ करी. सम कोठें येणार हें इतकें आधीं ओळखून तयारीस लागणारा श्रोता आम्हांस मोठ्या मैफलींतूनहि क्वचितच भेटला आहे.

"हें बसावयास किती दिवस लागले?" आम्हीं विचारलें.

"चार महिने," शिक्षक म्हणाले. "पहिला महिना नुसतें लाल तुकड्यावर थांबणें."

त्या वर्गांत एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याला 'ऑटिझम' होता; मराठींत यास स्वमग्नता म्हणूं लागले आहेत, जरी त्या मुलाकडे पाहिल्यावर तो शब्द आम्हांस तितकासा रुचला नाहीं. आरंभीं पेटी उघडली कीं तो दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडे. अशा कित्येक मुलांना साधा आवाजहि असह्य होतो, हें शिक्षकांस ठाऊक होतें. त्यांनीं पेटी बंद केली ती पुन्हां त्याच्यासमोर कित्येक दिवस उघडली नाहीं. मग त्यांच्या लक्षांत आलें कीं, शाळेमागील पाण्याचा पंप सुरू झाला म्हणजे हा मुलगा त्याच्या आवाजांत आपला आवाज मिळवून गुणगुणतो, आणि तो तंतोतंत मिळालेला असतो. शिक्षकांनीं पंपाचा स्वर पेटीवर, दुसऱ्या खोलींत बसून, हुडकून काढला आणि तंबोरा त्या स्वरांत लावला. प्रथम तंबोरा शेजारच्या खोलींत, दार लावून, मग दार थोडें उघडें, मग उंबऱ्यावर. आम्ही गेलों त्या दिवशीं तंबोरा त्याच्या पाठीमागें हातभर अंतरावर वाजत होता आणि तो भिंतीकडे पाहत षड्ज लावून बसला होता. षड्ज शिष्यानें दिला होता आणि गुरूनें त्यांत तंबोरा मिळविला होता.

पॉल नॉर्डॉफ नांवाचा अमेरिकन संगीतकार व क्लाइव्ह रॉबिन्स नांवाचा विशेष शिक्षक या दोघांनीं १९५९ च्या सुमारास इंग्लंडांत अशा मुलांबरोबर काम सुरू केलें, तेव्हां त्यांनीं हीच रीति धरली होती. मुलानें ढोल जसा वाजविला तसा, वेडावांकडा कां होईना, त्याच्या मागून पियानोवर सूर गुंफीत जावयाचें. मुलाला प्रथमच कळतें कीं आपण कांहीं केलें आणि त्याला उत्तर आलें. आमच्या सारख्या जुन्या शिक्षकांना ही कल्पना पचावयास जड जाते. शिष्यानें गुरूच्या मागें जावें, गुरूनें शिष्याच्या मागें जाऊं नये, असें आम्ही शिकलों. पण लहान मुलाला चालावयास शिकवितांना आपण त्याच्या मागूनच जातों, हें त्या शिक्षकांनीं आम्हांस हंसत सांगितलें, आणि त्यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

त्यांची एक तक्रार होती. ते म्हणाले, "गाण्यानें हा बोलूं लागेल का, याचें लक्ष स्थिर होईल का, याचा राग कमी होईल का, असें सर्व पालक विचारतात. हा कसा गातो असें कोणी विचारीत नाहीं." तक्रार रास्त आहे. संगीताचा उपचारासाठीं उपयोग होतो, व ती एक स्वतंत्र विद्या झाली आहे. ठराविक ठेक्यावर चालण्याच्या सरावानें कित्येक रुग्णांचें पाऊल सुधारतें, हें डॉक्टरहि सांगतात. त्याचें मोल आम्ही कमी करीत नाहीं. परंतु घरांतल्या चार मुलांना आपण गाणें शिकवितों तें त्यांच्या गुडघ्यांना बळकटी यावी म्हणून नव्हे. गाणें ही घेण्यासारखी वस्तु आहे, म्हणून. मग पांचव्या मुलाच्या वेळींच "याचा फायदा काय?" हा हिशोब कां निघावा?

आतां पत्र लिहिणाऱ्या भगिनीस कांहीं व्यवहाराच्या गोष्टी लिहितों. मुलीला ओटीवर बसवावें, हें उत्तर त्यांनाहि आधींच ठाऊक आहे. पत्रावरून तसें दिसतें.

प्रथम मुलीचे कान डॉक्टरांस दाखवावे. या अवस्थेंतील पुष्कळ मुलांना कमी ऐकूं येतें. कानांत द्रव साठणें वारंवार होतें आणि घरांत कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. "सांगितलेलें समजत नाहीं" असा जो बोल लागतो त्याचें मूळ कित्येकदां कानांत असतें. दुसरें, या मुलांना ऐकलेलें थोड्या वेळापुरतें धरून ठेवणें जड जातें, पाहिलेलें त्या मानानें चांगलें राहतें. म्हणून मास्तरांनीं लांब ओळ म्हणून "म्हण" असें सांगूं नये. दोन स्वर म्हणावे, हातानें दाखवावे, पेटीच्या पट्ट्यांवर रंगीत कागदाच्या टिकल्या लावाव्या. तिसरें, विचारल्यावर थांबावें. मनांत दहा अंक मोजावे. उत्तर निघालेलें असतें, वाटेंत असतें. आपण दुसरा प्रश्न टाकून त्याची वाट अडवितों. ही चूक आम्हीं आयुष्यभर केली आहे, म्हणून अधिकारानें सांगतों.

स्नायू सैल असल्यामुळें तिला फार वेळ ताठ बसवणार नाहीं. भिंतीला टेकून बसूं द्यावें. शब्द स्पष्ट येत नसतील तर नुसत्या आकारानें गाऊं द्यावें, बंदिशीचे शब्द मागाहून येतील, न आले तरी स्वर तिचेच. पंधरा मिनिटें पुरेत. वेळ तीच, जागा तीच, आणि कित्येक आठवडे बंदिशहि तीच ठेवावी. इतर मुलांस कंटाळा येईल, परंतु एक बंदिश पक्की होण्यानें त्यांचेंहि नुकसान होईल असें वाटत नाहीं. ताल तिला आधींच येतो. चौकटीवरचीं तीं बोटें काय सांगतात? मास्तरांनीं पहिल्या दिवशीं तिच्याकडे टाळी द्यावी आणि बाकीच्या चौघांनीं तिच्या टाळीवर गावें.

मास्तरांस पांचव्या विद्यार्थिनीची फी पुरती द्यावी. अर्धी फी दिली कीं शिकवणीहि अर्धी होते, हा आमचा दोन्ही बाजूंचा अनुभव आहे. तरीहि ते नको म्हणाले तर रागावूं नये; त्यांना कोणी हें शिकविलेलेंच नाहीं. एखाद्या विशेष शाळेंतील संगीताचा तास त्यांनीं एकवार पाहून यावा असें सुचवावें.

मामंजींना आमचा नमस्कार सांगून एवढें विचारावें कीं, हसणारे ते चार लोक कोण? आमच्या वर्गांत मागें वळून पाहणारीं मुलें वाईट नव्हतीं. फळ्याजवळ उभा असलेला मनुष्य काय करतो हें तीं पाहत होतीं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यानें एकवीस प्रकारच्या अवस्था मान्य केल्या आहेत आणि शिक्षणांत भेदभाव करूं नये असें सांगितलें आहे. पण कायदा ओटीपर्यंत येत नाहीं, तेथें घरांतील वडील माणसाचाच शब्द चालतो. गणपतींत मुलांचें गाणें होतें असें पत्रांत आहे. तिला पाहुण्यांपुढें एकटी उभी करून वाहवा मिळवूं नये, आणि त्या वेळीं आंतहि पाठवूं नये. चौघें गात असतील तर पांच गातील, एवढेंच.

जाऊबाईंना आरंभीं कांहीं समजावून सांगूं नये. शिकवणीच्या वेळीं कांहीं तरी निवडायला घेऊन त्यांना ओटीवरच बसावयास सांगावें.

आमच्या त्या विद्यार्थ्याचा पत्ता गेल्या मासीं, या पत्राच्या निमित्तानें, आम्हीं शोधून काढला. तो आतां चाळिशीच्या पुढें आहे. त्याला आम्हीं एक पत्र लिहिलें आहे, आणि त्यांत ढालीचीहि गोष्ट लिहिली आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. यावें असा आमचा हक्कहि नाहीं.

मास्तर मंगळवारीं व शुक्रवारीं येतात असें भगिनीनें लिहिलें आहे. ओटीवरचें जाजम पांच जणांना पुरत नसेल तर दुसरें जोडून घालावें. पहिल्या दोन-तीन महिन्यांत काय झालें तें अवश्य कळवावें. चांगलें झालें तरच कळवावें असें नाहीं.